पेशी त्याच, जोडण्या वेगळ्या: लॅपटॉपवरचं न्यूरॉनचं जाळं ताब्यात कसं आणायचं

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका खोलीत रविवारी सकाळी आम्ही काही जण जमतो. कुणी बीएस्सीला आहे, कुणी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. गेल्या उन्हाळ्यात एकदा तिथे दोन लॅपटॉप शेजारीशेजारी ठेवले होते आणि दोन्हींवर १००० न्यूरॉनचं, म्हणजे मेंदूतल्या पेशींचं, एकेक नकली जाळं चालू होतं. पेशींचे आकडे तेच, बाहेरून येणारा गोंगाटही तोच. एका पडद्यावर ठिपके (एक ठिपका म्हणजे एका पेशीचं एकदा पेटणं) पहिल्या पावसाच्या थेंबांसारखे विरळ पडत होते. दुसरा पडदा जवळजवळ काळा झाला होता, सगळ्या पेशी एकदम पेटल्यासारख्या. काटोलहून येणारी एक विद्यार्थिनी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, पेशी तर त्याच आहेत न, मग हे असं काऊन होऊन राह्यलं?"

दुसऱ्या लॅपटॉपवर आम्ही अवरोधक, म्हणजे शेजाऱ्यांना दाबणाऱ्या, पेशींच्या जोडण्या शून्य केल्या होत्या, बाकी कशालाही हात लावला नव्हता. हा लेख तिच्या त्या प्रश्नातून आला आहे. न्यूरॉनचं काम कमीजास्त करायचं म्हटलं की बहुतेकांना बाहेरून विजेचा धक्का किंवा औषध आठवतं. पण जाळ्यातल्या पेशीला मिळणारं बरंचसं बळ तिच्या शेजाऱ्यांकडून येतं, म्हणून कोण कोणाला किती जोराने सांगतो हे बदललं की सगळं वागणं बदलतं. हे घरच्या साध्या लॅपटॉपवर करून बघता येतं. पायथन येत नसेल तर आधी दोन-तीन आठवडे ती भाषा शिका, बाकी वेगळी तयारी लागत नाही.

सामान

पायथन, सोबत आकडेमोडीसाठी नमपाय आणि आलेखांसाठी मॅटप्लॉटलिब. चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉपही पुरतो. १००० पेशींमधल्या सगळ्या जोडण्यांचा मॅट्रिक्स म्हणजे १० लाख आकडे, एका आकड्याला ८ बाइट धरले तर ८ एमबी. लॅपटॉप नसेल तर मोबाइलच्या ब्राउझरमधून गूगल कोलॅब वापरा, आमच्यातले दोघे तसंच करतात. नागपुरात मे महिन्यात दुपारी मशीन तापून मंदावतं, म्हणून तासभर चालणारे प्रयोग पहाटे लावायचे. आणि एक वही हवी. कोणत्या रनमध्ये कोणता आकडा बदलला हे हाताने लिहिलं नाही तर दहाव्या रनला सगळी सरमिसळ होते.

आधी एकच पेशी

थेट जाळ्यावर उडी मारू नका. युजीन इझिकेविच यांनी २००३ मध्ये न्यूरॉनचं एक साधं मॉडेल मांडलं, त्यात दोनच चल आहेत. 'व' म्हणजे पेशीचं व्होल्टेज, मिलिव्होल्टमध्ये. 'स' म्हणजे पेशीला सावरणारा, मागे ओढणारा चल.

व चा बदल = ०.०४ × व² + ५ × व + १४० − स + प्रवाह

स चा बदल = क × (ख × व − स)

व ३० पर्यंत पोचला की ती स्पाइक, म्हणजे पेशीचं एकदा पेटणं, धरायची, मग व ला 'ग' या किमतीवर आणायचं आणि स मध्ये 'घ' मिळवायचा. नेहमीच्या उत्तेजक, म्हणजे शेजाऱ्यांना पेटवणाऱ्या, पेशीसाठी क ०.०२, ख ०.२, ग −६५ आणि घ ८. वेळेची पायरी १ मिलिसेकंदाची, पण व चं गणित अर्ध्या-अर्ध्या मिलिसेकंदाने दोनदा करायचं. एकदाच केलं तर वर्गाच्या पदामुळे आकडे भरकटतात.

सूत्र बरोबर टाइप झालं का, हे तपासायची एक खात्रीची युक्ती आहे. व −६५ आणि स −१३ वरून सुरुवात करा आणि प्रवाह बरोबर ३ द्या. व जागचा हलता कामा नये. हाताने करून बघा: ०.०४ गुणिले ४२२५ म्हणजे १६९, त्यातून ३२५ वजा, त्यात १४० मिळवले की −१६. स वजा करायचा म्हणजे १३ मिळवायचे, उरले −३, आणि प्रवाहाचे ३ मिळून शून्य. पेशी इथे सरकली तर कुठेतरी चिन्ह चुकलं आहे. हे जमलं की प्रवाह १० करा, पेशी ठरावीक अंतराने स्पाइक देऊ लागेल. एवढं दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

मग जाळं

८०० पेशी उत्तेजक, २०० अवरोधक. हे प्रमाण मेंदूच्या बाह्यकाचं, म्हणजे बाहेरच्या थराचं, साधारण प्रमाण म्हणून घेतलेलं आहे. सगळ्या पेशी एकसारख्या नकोत. प्रत्येकीसाठी ० ते १ मधला एक यादृच्छिक आकडा काढा, त्याला 'र' म्हणू. उत्तेजक पेशीचा ग = −६५ + १५ × र² आणि घ = ८ − ६ × र². अवरोधक पेशीचा क = ०.०२ + ०.०८ × र, ख = ०.२५ − ०.०५ × र, ग −६५ आणि घ २. अवरोधक पेशी चपळ असतात, लवकर सावरतात, हे त्या मोठ्या 'क' मुळे होतं.

जोडण्यांचा मॅट्रिक्स असा: उत्तेजक पेशीकडून निघणारा प्रत्येक भार, म्हणजे जोडणीचा जोर, ० ते ०.५ मधला, अवरोधक पेशीकडून निघणारा ० ते −१ मधला. दर मिलिसेकंदाला बाहेरचा गोंगाट द्यायचा, उत्तेजक पेशींना सरासरी शून्य आणि प्रमाण विचलन ५, अवरोधकांना २. मागच्या मिलिसेकंदात ज्यांनी स्पाइक दिली त्यांच्या स्तंभांची बेरीज करून ती गोंगाटात मिळवायची, आणि तोच पेशीचा प्रवाह.

इथे एक चूक हमखास होते, माझीही झाली होती आणि तिने तीन रविवार खाल्ले. मॅट्रिक्सची ओळ म्हणजे ऐकणारी पेशी, स्तंभ म्हणजे बोलणारी. हे उलटं झालं तरी प्रोग्राम मुकाट्याने चालतो, कुठेही एरर येत नाही, फक्त अवरोधक पेशींच्या तोंडून उत्तेजन बाहेर पडतं आणि निकाल अर्थहीन होतात. म्हणून मोठं जाळं चालवण्याआधी सगळा मॅट्रिक्स शून्य करा, फक्त ७ कडून १२ कडे एक जाड जोडणी ठेवा, ७ ला ढकला आणि १२ हलते का ते बघा. १२ ला ढकलल्यावर ७ हलली तर ओळ-स्तंभ उलटे आहेत.

मोजायचं काय

नुसत्या चित्रावर भरवसा ठेवू नका. दोन मोजमापं पुरतात. पहिलं, सरासरी वेग: एकूण स्पाइक भागिले पेशींची संख्या भागिले सेकंद. इझिकेविचच्या मूळ जाळ्यात तो ८ हर्ट्‌झच्या आसपास सांगितला आहे, तुमचा आकडा त्याच्या जवळपास आला तर पाया बरोबर आहे. उत्तेजक आणि अवरोधक पेशींचे वेग मात्र वेगळे मोजा. दुसरं मोजमाप एकतालाचं. वेळ ५ मिलिसेकंदांच्या खणांमध्ये वाटा, प्रत्येक खणात सगळ्या जाळ्याच्या किती स्पाइक पडल्या ते मोजा, आणि त्या आकड्यांचं प्रसरण भागिले सरासरी काढा. पेशी एकमेकींकडे न बघता आपापल्या मर्जीने चालल्या तर हा भागाकार १ च्या आसपास राहतो. एकदम पेटायला लागल्या की तो चढत जातो.

सुरुवातीचे २०० मिलिसेकंद मोजमापातून वगळा, तेव्हा जाळं स्थिरावत असतं. यादृच्छिक बीज, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची मालिका जिथून सुरू होते तो आकडा, ठरवून ठेवा म्हणजे उद्या तोच रन पुन्हा मिळेल. पण निष्कर्ष काढायचा तर निदान १० वेगवेगळ्या बीजांवर काढा.

पहिला दांडा: चार तुकड्यांचे भार

जाळं वळवायला तीन दांडे आहेत, त्यातला हा पहिला. मॅट्रिक्सचे चार तुकडे पडतात: उत्तेजकाकडून उत्तेजकाकडे, उत्तेजकाकडून अवरोधकाकडे, अवरोधकाकडून उत्तेजकाकडे आणि अवरोधकाकडून अवरोधकाकडे. प्रत्येक तुकड्याला एकेक गुणक लावा आणि चारही गुणक १ वर ठेवून सुरुवात करा. एका वेळी एकच गुणक हलवायचा. हा नियम मोडला की सगळं काम पाण्यात.

हलवण्याआधी एक हिशेब करा, मला तो फार आवडतो. एका पेशीला ८०० उत्तेजक जोडण्या मिळतात, प्रत्येकीचा सरासरी भार ०.२५, म्हणजे एकूण २००. अवरोधक जोडण्या २००, सरासरी ०.५, म्हणजे १००. कागदावर उत्तेजन दुप्पट आहे. मग जाळं पेटत का नाही? कारण भाराला वेगाने गुणावं लागतं. रास्टरचं, म्हणजे ठिपक्यांचं, चित्र नीट बघा, वरच्या २०० ओळी, म्हणजे अवरोधक पेशी, जास्त दाट असतात. त्या कमी आहेत, पण जास्त वेळा बोलतात. व्हरायटी चौकात गाड्या हजारो आणि सिग्नल मोजके, तरी चौक चालतो कारण सिग्नल एक मिनिटही थांबत नाही, तसंच काहीसं.

आता अवरोधकाकडून उत्तेजकाकडे जाणाऱ्या तुकड्याचा गुणक १ वरून ०.९, ०.८ असा खाली आणत जा आणि दर पायरीला दोन्ही मोजमापं वहीत लिहा. वेग चढतोच, पण माझ्या मते खरी बातमी एकताल देतो. किती अवरोध कमी केल्यावर जाळं सगळं मिळून पेटायला लागतं ती जागा शोधा, तिच्या आसपास बारीक पावलं टाका. अपस्माराच्या झटक्यात असंख्य पेशी एकतालाने फायर होतात. तुमच्या पडद्यावरचं जाळं अपस्मार नव्हे, पण अवरोध सैल पडला की एकताल का वाढतो हे इथे स्पष्ट दिसतं.

मग उलट्या बाजूने या. अवरोधाचा गुणक परत १ वर आणा आणि उत्तेजकाकडून उत्तेजकाकडे जाणारा तुकडा वाढवून तोच वेग मिळवा. दोन्ही वाटांनी सरासरी वेग सारखा आणता येईल, एकताल सारखा येईलच असं नाही. पेशींचा वेग ठरवणं आणि त्यांचा ताल ठरवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ते कळायला हा एक प्रयोग पुरतो.

सर्वांत चुकीचा अंदाज अवरोधकाकडून अवरोधकाकडे जाणाऱ्या जोडण्यांबद्दल होतो. आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला आधी वाटलं की अवरोध कुठलाही काढा, जाळं भडकणारच. पण अवरोधक पेशी एकमेकींनाही दाबत असतात. ते दाबणं काढलं की त्या मोकळ्या होतात आणि उत्तेजकांना जास्त दाबतात. आधी अंदाज लिहा, मगच रन चालवा.

याच्याशी जोडलेलं एक कोडं १९९७ मध्ये त्सोडिक्स आणि सहकाऱ्यांनी मांडलं. उत्तेजक पेशींची आपसातली जोडणी पुरेशी जोरदार असेल आणि जाळं अवरोधाच्या बळावरच स्थिर असेल, तर अवरोधक पेशींना बाहेरून जास्त ढकलल्यावर त्यांचाच वेग शेवटी कमी होऊ शकतो. ढकलल्यावर त्या क्षणभर जास्त बोलतात, उत्तेजक गप्प होतात, आणि उत्तेजकांकडून येणारं बळ आटल्यामुळे अवरोधकही खाली येतात. तुमच्या जाळ्यात असं होतं का ते तपासा. होत नसेल तर उत्तेजकांमधला गुणक थोडा वाढवून पुन्हा बघा.

दुसरा दांडा: कोण कोणाशी जोडलंय

आतापर्यंत प्रत्येक पेशी प्रत्येकीशी जोडलेली होती. खऱ्या मेंदूत तसं नसतं. आता १० पैकी ९ जोडण्या यादृच्छिकपणे काढून टाका. एका पेशीला ८० उत्तेजक आणि २० अवरोधक जोडण्या उरतील. नुसत्या काढल्या तर एकूण भार दशांशावर येईल आणि बदल विरळपणामुळे झाला की भार घटल्यामुळे, हे कळणार नाही. म्हणून उरलेल्या भारांना १० ने गुणा: ८० गुणिले २.५, पुन्हा २००. सरासरी तीच राहील, पण थोड्याच जोडण्या आणि प्रत्येक जाड, म्हणून चढउतार वाढतील. याच विषयावर व्हान व्रीसविक आणि सोम्पोलिन्स्की यांनी १९९६ मध्ये दाखवलं की जोडण्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या हिशेबाने भार बदलले तर उत्तेजन आणि अवरोध एकमेकांना तोलतात आणि पेशी चढउतारांवर, अनियमित फायर होतात. निकोला ब्रुनेल यांनी २००० मध्ये याच घराण्यातल्या जाळ्याच्या चार अवस्था मांडल्या: एकतालाच्या किंवा बिनतालाच्या, आणि नियमित किंवा अनियमित. त्यांच्या जाळ्यात उत्तेजक-अवरोधक प्रमाण ४ ला १, म्हणून अवरोधक भार उत्तेजकाच्या ४ पट झाला की दोन्ही बाजू तुल्यबळ होतात. तुम्ही वेग आणि ताल हे दोन अक्ष घेऊन असाच नकाशा काढा, भिंतीवर लावण्याजोगा होतो.

पुढे वर्तुळात मांडलेलं जाळं करा. प्रत्येक पेशी फक्त आजूबाजूच्या १०० पेशींशी जोडा, मग शंभरातल्या एका जोडणीचं टोक उचलून कुठेतरी दूर लावा, मग दहातल्या एका, शेवटी सगळ्या. वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ यांनी १९९८ मध्ये दाखवलं की मोजक्या आडवाटांनीच सगळं जाळं एकमेकांच्या जवळ येतं, शेजार मात्र शेजारच राहतो. वर्तुळाच्या एका कोपऱ्यात दहा पेशी ढकला आणि हालचाल समोरच्या टोकाला किती वेळात पोचते ते मोजा.

केंद्राच्या पेशींचा प्रयोग मेट्रोच्या नकाशावरून समजतो. नागपूर मेट्रोच्या दोन मार्गिका, खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर, बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, एकमेकींना भेटतात. अधलंमधलं एखादं स्टेशन बंद पडलं तर एकाच मार्गिकेवर अडचण होते. बर्डीचं इंटरचेंज बंद पडलं तर एका मार्गिकेवरून दुसरीवर जायची सोयच राहत नाही. आता जाळ्यात ज्यांच्याकडून सर्वांत जास्त जोडण्या निघतात अशा २० उत्तेजक पेशी काढा, आणि दुसऱ्या रनमध्ये यादृच्छिक २० काढा. फक्त पहिला रन करून "केंद्र काढल्यामुळे झालं" असं म्हणू नका, दुसऱ्या रनशी तुलना केल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आणि हा प्रयोग करायचा तर जाळ्यात मुळात केंद्रं हवीत. सरसकट यादृच्छिक जाळ्यात ती फारशी नसतात, काही पेशींना मुद्दाम जास्त जोडण्या द्याव्या लागतात.

कोणत्या पेशी धरल्या तर सगळं जाळं हवं तिकडे नेता येईल, यावर लिऊ, स्लॉटीन आणि बाराबाशी यांनी २०११ मध्ये जे मांडलं ते वाचून मला धक्काच बसला होता: अशा 'सारथी' पेशी बहुधा भरपूर जोडण्यांच्या केंद्रस्थानी नसतात. त्यांचं गणित रेषीय, म्हणजे दुप्पट ढकललं की दुप्पट हलणाऱ्या, जाळ्यांचं आहे, स्पाइक देणाऱ्या पेशींना ते जसंच्या तसं लावता येत नाही. तरी २०१७ मध्ये याच विचारातून ३०२ न्यूरॉन असलेल्या सी एलिगन्स या सूक्ष्म किड्याच्या जोडण्यांच्या नकाशावरून चालण्यासाठी लागणाऱ्या पेशी सांगितल्या गेल्या. त्यात पीडीबी नावाची एक पेशी होती, जिचं हे काम आधी माहीत नव्हतं. लेझरने ती काढल्यावर किड्याच्या चालीत खरंच फरक पडला.

डोक्यावर प्रयोग नाही

यूट्यूबवर ९ व्होल्टच्या बॅटरीने कपाळाला वीज लावायचे व्हिडिओ आहेत. आमच्या खोलीत त्यावर सरळ बंदी आहे. खऱ्या मेंदूतल्या जोडण्या तोडणं ही शस्त्रक्रिया आहे. १९४० मध्ये व्हान वॅगेनेन यांनी अपस्माराचा झटका एका अर्धगोलातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून दोन्हींना जोडणारा सुमारे २० कोटी तंतूंचा पट्टा कापल्याचं प्रसिद्ध केलं. तो निर्णय न्यूरोसर्जनचा. आपला प्रयोग लॅपटॉपपुरता.

तिसरा दांडा: जाळ्याला स्वतःच जोडण्या बदलू द्या

आतापर्यंत भार तुम्ही हाताने बदलले. मेंदू ते स्वतः बदलतो. ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या स्मृतीशी संबंधित भागात, दाखवलं की वेगाने उत्तेजन दिल्यावर जोडणी तासन्‌तास बळकट राहते. बी आणि पू यांनी १९९८ मध्ये वेळेचं गणित दिलं: बोलणारी पेशी ऐकणारीच्या आधी, साधारण २० मिलिसेकंदांच्या आत फायर झाली तर जोडणी वाढते, क्रम उलटला तर घटते. हा नियम उत्तेजक जोडण्यांना एकट्याने लावला तर बहुधा जाळं बिघडतं. बळकट जोडण्या आणखी बळकट होत जातात. त्याला आवर घालणारं काहीतरी लागतं. जीना टुरिजियानो यांच्या गटाने १९९८ मध्ये प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींवर दाखवलं की हालचाल दोन दिवस बंद ठेवली तर पेशी आपल्या उत्तेजक जोडण्या वाढवतात आणि हालचाल जास्त झाली तर घटवतात.

तुमच्यासाठी सर्वांत सोपा आणि परिणामकारक नियम २०११ मध्ये व्होगेल्स आणि सहकाऱ्यांनी अवरोधक जोडण्यांसाठी दिला. प्रत्येक पेशीला एक 'आठवण' द्या: स्पाइक आली की १ मिळवा, दर मिलिसेकंदाला ०.९५ ने गुणा. अवरोधक पेशी फायर झाली की तिच्या उत्तेजकांकडे जाणाऱ्या प्रत्येक भारात 'ऐकणारीची आठवण वजा अल्फा' याच्या थोड्या पटीने बदल करा. ऐकणारी फायर झाली की 'बोलणारीची आठवण' याच्या तेवढ्याच पटीने भार वाढवा. इथे भार म्हणजे अवरोधाचा आकार, चिन्ह वेगळं धरा आणि भार शून्याखाली जाऊ देऊ नका. अल्फा म्हणजे २ गुणिले हवा तो वेग गुणिले ०.०२ सेकंद. ५ हर्ट्‌झ हवे असतील तर अल्फा ०.२. पट ०.००१ पासून सुरू करा, आकडे झोके घेऊ लागले तर आणखी कमी करा. कमाल मर्यादा ठेवलीत तर ती ऐसपैस ठेवा.

ऐकणारी पेशी ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त बोलली की तिच्यावरचा अवरोध वाढतो, कमी बोलली की घटतो. तिच्या वेगाला बाहेरून कुणी हात लावत नाही, तरी तो ५ कडे सरकत जातो. हे व्हायला सेकंदभराचा रन पुरत नाही, १०० सेकंदांपासून पुढे चालवा. तेच ते पहाटेचे रन.

वेग स्थिरावला की २०० पैकी ५० अवरोधक पेशी काढून टाका आणि रन चालूच ठेवा. आम्ही हे केलं तेव्हा पडदा एकदम काळवंडला. काटोलची ती मुलगी खुर्ची पुढे ओढून बसली आणि उरलेल्या १५० पेशींच्या भारांचा आलेख दुसऱ्या खिडकीत उघडला. आलेख वर चढत गेला, ठिपके विरळ होत गेले. तिने वहीत वेळ लिहिली आणि म्हणाली, "आता ऐंशी काढून पाहू."